गुंतवणूक म्हणून आलेलं उसनं

दाभोळच्या वीज प्रकल्पाचं नाव निघालं की महाराष्ट्राला एन्रॉन, महागडी वीज आणि बंद पडलेली यंत्रं आठवतात. त्याच प्रकल्पाच्या कडेला घडलेली एक गोष्ट मात्र करसल्लागारांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. प्रकल्पासाठी इंधन उतरवून घ्यायची जेटी बांधण्याचं काम ‘बेसिक्स किअर दाभोळ’ या बेल्जियममध्ये नोंदलेल्या कंपनीकडे होतं. तिचे मालक दोनच, एक बेल्जियन आणि एक ब्रिटिश बांधकाम कंपनी. या दोघांनी मिळून तिच्यात भागभांडवल घातलं ३८ लाख रुपयांचं, आणि कर्ज म्हणून दिले ९४ कोटी १० लाख. भांडवलाच्या एका रुपयामागे २४८ रुपयांचं कर्ज, तेही खुद्द मालकांचं.

आयकर अधिकाऱ्याच्या गळी हे उतरलं नाही. मालकांनीच मालकीच्या कंपनीला कर्ज द्यायचं, मग त्यावर व्याज घ्यायचं आणि ते व्याज खर्च दाखवून कर वाचवायचा, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. व्याजाची वजावट त्यांनी नाकारली. प्रकरण मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणात गेलं. २०१० साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तोच कायम ठेवला. कारण साधं होतं. भांडवल किती आणि कर्ज किती असावं, याला मर्यादा घालणारा नियम त्या वेळी भारतीय आयकर कायद्यात नव्हताच. नियम नसेल तर मालकाने शेअर घ्यायचे की कर्ज द्यायचं, हा त्याचा प्रश्न.

थेट परकीय गुंतवणूक म्हटलं की डोळ्यांपुढे येतात कारखाने, यंत्रं, नोकऱ्या आणि दावोसमधले करारनामे. त्या रकमेत परदेशी मालकाने आपल्याच इथल्या कंपनीला दिलेलं कर्जही मोजलेलं असतं, हे बातमीत क्वचितच येतं. काकाने पुतण्याच्या दुकानात भागीदार म्हणून पैसे घातले, तर दुकान बुडाल्यावर काकाचेही बुडतात. तेच पैसे उसने दिले असतील, तर दुकान चालो न चालो, व्याज आणि मुद्दल द्यावं लागतं. गुंतवणुकीच्या आकड्यात हे दोन्ही काका एकाच रांगेत बसलेले असतात.

मोजणीची रीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ठरवून दिलेली आहे. परदेशी गुंतवणूकदाराकडे कंपनीतला १० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असेल, तर त्यांच्यातलं नातं ‘थेट गुंतवणुकी’चं मानतात. मग त्या नात्यातून येणाऱ्या पैशाचे तीन कप्पे होतात. पहिला कप्पा भागभांडवलाचा. दुसरा, इथे कमावून बाहेर न नेता इथेच ठेवलेल्या नफ्याचा. तिसऱ्या कप्प्याला सरकारी तक्त्यात ‘इतर भांडवल’ असं बिनचेहऱ्याचं नाव आहे, आणि त्यात संबंधित कंपन्यांमधले कर्जव्यवहार असतात. २००० सालापर्यंतची भारताची आकडेवारी जवळपास पहिल्या कप्प्यावरच थांबत होती. २००३ मध्ये पद्धत बदलली आणि २०००-०१ पासूनचे आकडे नव्याने मांडले गेले. त्यामुळे या कर्जाचा प्रवास त्या वर्षापासून सलग पाहता येतो.

हा प्रवास वळणावळणाचा आहे. २०००-०१ मध्ये एकूण ४.०३ अब्ज डॉलर आले, त्यात कर्ज २७.९ कोटी डॉलर, म्हणजे शेकडा ७. पुढे गुंतवणूक फुगली, पण कर्ज तिच्याबरोबर वाढलं नाही. २००५-०६ मध्ये ते २२.६ कोटी होतं. २००७-०८ मध्ये एकूण आवक ३४.८ अब्जांवर गेली, तेव्हाही कर्ज होतं अवघं ३० कोटी डॉलर. एक टक्कासुद्धा नाही. जागतिक मंदी येऊन गेल्यावर चित्र पालटायला लागलं. २०१२-१३ मध्ये दीड अब्ज, २०१५-१६ मध्ये चार अब्ज, आणि २०१९-२० मध्ये तर ८.४८ अब्ज डॉलर. त्या वर्षीच्या ७४.४ अब्जांच्या आवकेतले ११ टक्क्यांहून जास्त पैसे मूळ कंपन्यांच्या कर्जाचे होते. करोनाच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, एकूण गुंतवणुकीने ८२ अब्जांच्या आसपास मजल मारली म्हणून मोठं कौतुक झालं. त्याच वर्षी कर्जाचा कप्पा मात्र निम्म्याहून खाली, ३.९५ अब्जांवर आला होता. २०२१-२२ मध्ये तो पुन्हा ५.८ अब्जांवर चढला.

दोन दशकांत एकूण आवक वीस-एकवीस पट वाढली, आणि तिच्यातलं कर्जही साधारण तितकंच. टक्केवारी पाहिली तर सुरुवात सातवर आणि २०२१-२२ मध्येही पुन्हा जवळपास सातवरच. मधल्या काळात ती एकच्या खाली गेली आणि अकराच्या वर चढली. भागभांडवल आणि गुंतवलेला नफा यांच्यापेक्षा हा कप्पा फार चंचल आहे, आणि हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

यात एक गंमत आहे, आणि ती समजण्यासाठी १९९१ कडे जावं लागतं. त्या वर्षी देशावर ८३.८ अब्ज डॉलरचं परकीय कर्ज होतं आणि गंगाजळी जेमतेम अब्जभर डॉलरच्या घरात आली होती. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं बाहेर पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलरची उचल घेतली. १९९०-९१ या अख्ख्या वर्षात थेट परकीय गुंतवणूक आली होती ९.७ कोटी डॉलर. या चटक्यानंतर व्यवहारतोलाचा विचार करायला सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९९३ मध्ये दिलेल्या सल्ल्याचं सार असं, की यापुढे परकीय पैसा लागेल तो कर्जाने न आणता शक्यतो गुंतवणुकीच्या रूपाने आणावा. परकीय गुंतवणुकीसाठी दारं उघडली गेली, त्यामागचं एक मोठं कारण ती परत फेडावी लागत नाही, हे होतं. आणि आता त्याच दारातून कर्जही येतं, गुंतवणुकीच्या आकड्यात मिरवतं. देशाच्या परकीय कर्जाच्या तक्त्यात हीच रक्कम ‘थेट गुंतवणूक: कंपन्यांतर्गत कर्ज’ या ओळीत पुन्हा दिसते. एकच रक्कम एका तक्त्यात अभिमानाची आणि दुसऱ्यात काळजीची.

मूळ कंपनी शेअर घेण्याऐवजी कर्ज का देते? पहिलं कारण कर. व्याज हा खर्च असतो, तो वजा करून उरलेल्या नफ्यावर कर लागतो. लाभांश कर भरून उरलेल्या पैशातून द्यायचा असतो. शिवाय २०२० पर्यंत त्यावर कंपनीला वेगळा लाभांश वितरण कर भरावा लागत असे. दुसरं कारण बाहेर पडण्याची सोय. भागभांडवल परत न्यायचं तर शेअरना गिऱ्हाईक हवं. नाहीतर कंपनीनेच शेअर परत विकत घ्यायचे, पण त्याला भरणा झालेलं भांडवल आणि मोकळी गंगाजळी यांच्या २५ टक्क्यांची मर्यादा आहे. भांडवलकपात करायची तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी हवी. कर्ज मुदत संपली की परत जातं. तिसरं कारण असं, की नव्या कंपनीला पहिली काही वर्षं तोटाच असतो. तोट्यातली कंपनी लाभांश देऊ शकत नाही, व्याज देऊ शकते.

अर्थात हे कर्ज कोणीही कितीही द्यावं, असंही नाही. बाह्य व्यापारी कर्जाचे रिझर्व्ह बँकेचे नियम त्याला लागू होतात. जानेवारी २०१९ मध्ये सोप्या केलेल्या चौकटीत परदेशी भागधारकाच्या कर्जाला स्वयंचलित मार्गाने सातास एक अशी मर्यादा होती, म्हणजे त्याच्या भागभांडवलाच्या सातपटीपर्यंत कर्ज. कर्ज उचलण्याआधी रिझर्व्ह बँकेकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि मग बँकेमार्फत विवरणपत्रं भरावी लागतात. दोनशे अठ्ठेचाळीसास एकच्या तुलनेत सातास एक म्हणजे पुष्कळच शिस्त.

आयकर कायद्यातली फट मात्र २०१७ मध्ये बुजवली गेली. बहुराष्ट्रीय कंपन्या नफा इकडून तिकडे सरकवतात, त्यावर श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०१५ मध्ये काही उपाय सुचवले होते. त्यातला व्याजाचा उपाय भारताने कलम ९४-ब म्हणून आणला. परदेशातल्या संबंधित कंपनीला दिलेलं व्याज वर्षाला एक कोटीच्या वर गेलं, तर व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपर्यंतच त्याची वजावट मिळते. समजा असा नफा १० कोटी आणि मूळ कंपनीला दिलेलं व्याज ५ कोटी. तर वजावट ३ कोटींची. उरलेले २ कोटी पुढच्या आठ वर्षांत जागा मिळेल तसे वजा करता येतात. बँका आणि विमा कंपन्यांना ही मर्यादा लागू नाही.

मग २००७-०८ मध्ये कर्जाचा कप्पा एवढा रिकामा का दिसतो? त्या तेजीत शेअरचं आकर्षण होतंच. पण काही कर्जसदृश पैसा भागभांडवलाच्या कप्प्यात जाऊन बसला होता. बांधकाम क्षेत्र २००५ मध्ये शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला खुलं झालं आणि मॉरिशसमार्गे फंडांचा ओघ लागला. त्यांचं आवडतं साधन म्हणजे सक्तीने परिवर्तनीय कर्जरोखे. एकेका इमारतीसाठी वेगळी कंपनी काढायची, तिचं भागभांडवल कायद्याने लागायचं तेवढं, म्हणजे त्या काळी एक लाख रुपये, आणि बाकीचे कोट्यवधी या रोख्यांत. मुदतीअखेर रोख्यांचे शेअर होणार, तोवर ठरलेलं व्याज चालू. जून २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की सक्तीने परिवर्तित होणारे रोखे भांडवल मानले जातील आणि परिवर्तन ऐच्छिक असेल तर ते कर्ज. आयकराच्या हिशेबात मात्र त्या सक्तीच्या रोख्यांवरचं व्याज व्याजच धरलं जातं. परकीय चलनाच्या कायद्यात भांडवल आणि आयकरात कर्ज, असा दुहेरी संसार आजही सुरू आहे. तेव्हा ‘इतर भांडवला’चा आकडा हा अशा कर्जाचा किमान आकडा समजावा, कमाल नव्हे.

शेअर घेऊनही कर्जाची खातरी कशी मिळवता येते, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईतलंच आहे. जपानच्या एनटीटी डोकोमोने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये साडेसव्वीस टक्के हिस्सा घेतला, शेअरला सुमारे ११७ रुपये दराने, एकूण १२ हजार ७०० कोटींच्या वर. करारात एक अट होती. कंपनीने ठरलेली उद्दिष्टं गाठली नाहीत, तर टाटा सन्सने डोकोमोच्या शेअरना गिऱ्हाईक शोधून द्यायचं, आणि त्या वेळचा रास्त भाव किंवा खरेदीची निम्मी किंमत, यांत जी जास्त ती मिळवून द्यायची. म्हणजे काहीही झालं तरी निम्मे पैसे सुरक्षित. मोबाइलच्या दरयुद्धात कंपनी रुतली आणि २०१४ मध्ये डोकोमोने अट पुढे केली. निम्मी किंमत होती ५८ रुपये, रास्त भाव निघाला २३ रुपये ३४ पैसे.

टाटा द्यायला तयार होते. अडवलं रिझर्व्ह बँकेने. परदेशी गुंतवणूकदाराला बाहेर पडताना ठरीव परतावा मिळणार असेल तर ते भांडवल कसलं, ते तर कर्ज, आणि रास्त भावाहून जास्त पैसे बाहेर जाऊ देता येणार नाहीत, अशी नियमांची भूमिका होती. २०१४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने तसं परिपत्रकच काढलं होतं: शेअर परत विकण्याचा हक्क ठेवता येईल, पण परताव्याची हमी नसावी. डोकोमो लंडनच्या लवादाकडे गेली. जून २०१६ मध्ये लवादाने १.१७ अब्ज डॉलर द्यायचा आदेश दिला. लवादाच्या मते ही शेअरची किंमत नव्हती, करारभंगाची भरपाई होती. रिझर्व्ह बँकेने दिल्ली उच्च न्यायालयात हस्तक्षेपाचा अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि २८ एप्रिल २०१७ रोजी दोन्ही बाजूंच्या तडजोडीवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. आकडेवारीत हे सगळे पैसे २००९ साली भागभांडवल म्हणूनच नोंदले गेले होते.

या कर्जाची भीती किती बाळगावी? अनेक अर्थतज्ज्ञ याला सौम्य कर्ज मानतात, आणि त्यात तथ्य आहे. मूळ कंपनी आपल्याच उपकंपनीला दिवाळखोरीत काढायला सहसा जात नाही. अडचण आली तर मुदत वाढवते, व्याज सोडते, कधी कर्जाचे शेअर करून टाकते. बँकेकडून तेवढी माया मिळत नाही. भारताचं एकूण परकीय कर्ज मार्च २०२५ अखेर ७३६.३ अब्ज डॉलर होतं, आणि त्यात मूळ कंपन्यांच्या कर्जाचा वाटा शेकडा दहाच्याही आत होता.

पण माया आटू शकते. मूळ कंपनी स्वतःच अडचणीत आली, तर सर्वांत आधी हाताशी येतं ते उपकंपनीला दिलेलं कर्ज. दाभोळ प्रकल्पामागच्या एन्रॉन कंपनीचं डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं निघालं, ते काही दाभोळमुळे नव्हे. आणि कर्ज डॉलरमध्ये असेल तर रुपयाची घसरण उपकंपनीच्या माथी बसते. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. तेव्हा एक कोटी डॉलर कर्ज घेतलेल्या कंपनीच्या वहीत ४५ कोटींचं देणं लागलं. २०१३ च्या ऑगस्टअखेर डॉलर ६८ वर गेला, आणि एक पैसाही नव्याने न घेता तेच देणं ६८ कोटींचं झालं. भागभांडवलाच्या बाबतीत हा फटका परदेशी मालकाला बसला असता.

दुसरा धोका आकड्यांचा. तो कसा असतो हे ब्राझीलने दाखवून दिलं आहे. तिथल्या मोठ्या कंपन्या परदेशात वित्तकंपनी काढतात, तिच्यामार्फत डॉलरचे रोखे विकतात आणि आलेले पैसे कर्ज म्हणून मायदेशातल्या मूळ कंपनीकडे वळवता येतात. पेट्रोब्रास या सरकारी तेलकंपनीची अशी कंपनी नेदरलँड्समध्ये आहे. मे २०१३ मध्ये तिने एकाच दमात ११ अब्ज डॉलरचे रोखे विकले. लेकीने आईला दिलेलं हे कर्ज जुन्या पद्धतीत ब्राझीलच्या परदेशातल्या गुंतवणुकीतून वजा होत असे. २०१५ मध्ये ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नाणेनिधीची नवी पद्धत स्वीकारली आणि ते देशात आलेल्या थेट गुंतवणुकीत धरलं जाऊ लागलं. २०१४ सालचा गुंतवणुकीचा आकडा सुमारे ६२ अब्जांवरून ९७ अब्जांच्या घरात गेला. कारखाना नवा एकही उभा राहिला नव्हता. रोखेबाजारातून उचललेलं कर्ज आता थेट गुंतवणुकीच्या पंक्तीला बसलं होतं.

कर्ज जातं आणि भांडवल राहतं, असंही ठामपणे म्हणता येत नाही, हेही इथे सांगायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाने २७ हजार ८७० कोटींचे शेअर बाजारात विकले. त्यातला एकही रुपया कंपनीत आला नाही, सगळी रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीची होती. २०२४-२५ मध्ये एकूण थेट गुंतवणूक ८१ अब्ज डॉलर आली, पण परदेशी मालकांनी काढून नेलेले ५१ अब्जांहून जास्त, आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेले २९ अब्ज वजा केल्यावर निव्वळ आकडा एक अब्ज डॉलरच्याही खाली उरला. तेजीत शेअर विकून जाणारा मालक आणि मुदत संपताच कर्ज परत नेणारा मालक, दोघांचा व्यवहारतोलावर होणारा परिणाम सारखाच. फरक एवढाच, की पहिल्याची तारीख बाजार ठरवतो, दुसऱ्याची करारातच लिहिलेली असते. त्यामुळे कर्जाचा अंदाज आधी बांधता येतो, बांधायची तयारी असेल तर.

महाराष्ट्रात ही तयारी कमी दिसते. परकीय गुंतवणुकीत राज्य पहिलं, ही घोषणा वारंवार होते आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. २०२४-२५ मध्ये देशातल्या आवकेपैकी ३९ टक्के महाराष्ट्राच्या नावावर होती. पण राज्यनिहाय आकडे फक्त भागभांडवलाचे असतात. चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या जर्मन वा जपानी कारखान्याने मूळ कंपनीकडून घेतलेलं कर्ज त्यात येत नाही, आणि तिथेच ठेवलेला नफाही येत नाही. राज्याच्या वाट्याला किती कर्ज आलं, ते कधी फिटायचं आहे, याचा तक्ता निघत नाही. तो निघायला हवा. परकीय भागीदारी असलेल्या प्रत्येक कंपनीला दरवर्षी १५ जुलैपर्यंत आपली परकीय देणी आणि मालमत्ता रिझर्व्ह बँकेला कळवावीच लागते, त्यामुळे कच्चा माल सरकारदरबारी पडूनच आहे.

तोवर वाचकांनी निदान देशाचे आकडे तरी स्वतः पाहावेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाचं गुंतवणुकीचं पत्रक दर तिमाहीला संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातल्या वर्षवार तक्त्यात एकूण बेरजेच्या आधी ‘इतर भांडवल’ हा रकाना असतो. एखाद्या कंपनीबद्दल जाणून घ्यायचं असेल, तर तिच्या वार्षिक अहवालातली संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप उघडावी. मूळ कंपनीकडून किती कर्ज घेतलं आणि वर्षभरात किती व्याज दिलं, हे तिथे रुपयांत लिहिलेलं असतं.